लॉकच्या राज्यविचारातील ईश्वर

जॉन लॉक हा लोकसंमतीच्या राज्याचा पुरस्कर्ता म्हणून आपणांस परिचित आहे. परंतु त्याच्या युक्तिवादाचा पाया धर्मशास्त्रीय होता, इकडे सहसा लक्ष जात नाही. राजाचा अधिकार आदमपासून चालत आला, असे फिल्मरचे प्रतिपादन होते. त्याचे खंडन लॉकने १६८९ साली, निनावी ग्रंथात, बायबलच्याच आधारे केले. मनुष्य ही ईश्वराची निर्मिती, म्हणून ईश्वराचीच मालमत्ता. मग आपल्या प्राणावर ज्याची स्वतःचीच सत्ता नाही, त्याने ती राजाला द्यावी कशी? अनियंत्रित राजसत्तेवर याहून मर्मभेदी आघात क्वचितच झाला असेल! त्याच वर्षीच्या सहिष्णुताविषयक पत्रात मात्र नास्तिकांना स्थान नाही. ईश्वर नाकारणाऱ्याला शपथेचे बंधन उरत नाही, असे लॉक मानी.