श्रीरामपूरच्या घाटावरचे घर
(हीरकमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाची संहिता)



श्रीरामपूर म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना अहिल्यानगर जिल्ह्यातले, उसाच्या मळ्यांचे गाव आठवते. मी बोलणार आहे ते बंगालमधील, हुगळीच्या पश्चिम तीरावरचे. १७५५ ते १८४५ अशी नव्वद वर्षे या गावावर डेन्मार्कचे निशाण होते. त्या काळचे देवालय, कचेरी आणि काही वाडे तेथे आज जपून ठेवले आहेत. त्यांपैकी नदीकाठच्या एका दुमजली घराने मला विशेष विचारात पाडले.

१७८६ साली एका इंग्रज गृहस्थाने नदीतून ये-जा करणाऱ्या प्रवाशांसाठी तेथे खाण्यापिण्याची व मुक्कामाची सोय केली. डेन्मार्क टॅव्हर्न हे त्याचे नाव. कालांतराने छप्पर कोसळले, भिंतींत झाडे रुजली. पुढे इंटॅक आणि डेन्मार्कचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या प्रयत्नांनी ते पुन्हा उभे राहिले आणि २०१८ मध्ये उघडले. त्याला काचेच्या पेटीतली वस्तू केले नाही, हे मला फार आवडले. आजही वाटसरू तेथे बसून चहा घेतात.

या गावाशी आपल्या भाषेचे नातेही जुने आहे. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी १८०० साली डेन्मार्कच्या या आश्रयाला आले. त्यांच्या छापखान्यातून १८०५ साली मराठी व्याकरण निघाले, १८१० साली मराठी कोश. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते. या कामात कॅरींना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मराठी बोलणारे जेथे हाताच्या बोटांवर मोजावेत, तेथे मराठीचे खिळे जुळवले जात होते! परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याला त्याचे अप्रूप वाटणारच.

११ मार्च १८१२ रोजी या छापखान्याला आग लागली. कागद जळाला, हस्तलिखिते गेली, खिळे वितळले. परंतु अक्षरांचे पोलादी ठसे राखेत शाबूत सापडले. वितळलेल्या शिशातून त्याच ठशांच्या आधारे नवे खिळे ओतले गेले आणि काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. हस्तलिखिते मात्र गेली ती गेलीच.

आता आपल्या दारातली गोष्ट. शाळेची पहिली कौलारू इमारत पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. पावसाळ्यात त्या वर्गांत बादल्या ठेवाव्या लागतात, हे मी विद्यार्थी म्हणून भोगले आहे. तेव्हा मुलांना गळक्या छपराखाली बसवा, असे मी म्हणणार नाही. नव्या वर्गांची निकड खरीच आहे. माझी विनंती एवढीच की, निर्णयापूर्वी जाणत्या वास्तुविशारदाकडून भिंतींची तपासणी करून घ्यावी. दुरुस्ती शक्य असेल तर निदान दर्शनी दोन खोल्या राखून तेथे मुलांचे वाचनालय करावे. ते शक्यच नसेल, तर पाडण्याआधी मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत. आणि पहिल्या वर्षाचे हजेरीपट, जे सध्या जिन्याखालच्या कपाटात वाळवीच्या शेजारी आहेत, ते याच आठवड्यात बाहेर काढावेत. किल्ली कार्यालयात आहे; मी उद्या सकाळी येतो.