मुक्या सोबत्याचा स्नेह



स्वमग्न बालकास गोंगाट असह्य होतो, नजरेला नजर देणे जड जाते, बोलण्यातील गर्भितार्थ उमगत नाही. श्वान प्रश्न विचारीत नाही. त्याच्या मनात असते तेच त्याची शेपटी सांगते. कापडाच्या व्यवसायामुळे स्पर्शाचे मोल मी जाणतो. खरखरीत वस्त्राने कासावीस होणारे बालक मऊ केसाळ पाठीवर हात फिरविताना शांत होऊ शकते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६०च्या दशकात आपल्या जिंगल्स या श्वानाच्या सान्निध्यात अबोल मूल खुलल्याचे नोंदविले. महाराष्ट्रात मिनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने हे कार्य रुजविले.

श्वान म्हणजे औषध नव्हे. काही मुलांना भुंकण्याची भीती वाटते. शिवाय त्या जीवालाही विश्रांती हवी.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ने स्वमग्नतेस मान्यता दिली. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने यवतमाळ, वणी, पुसदची कितीतरी कुटुंबे अशा लेकरांना समारंभापासून दूर ठेवतात. न हिणवता, घाई न करता शेजारी बसणे श्वानास साधते. मग आपणांस का साधू नये? पुढील कार्यक्रमास त्या लेकरांना अवश्य आणा. त्यांच्यासाठी एक शांत कोपरा आपण राखून ठेवू.