खुर्ची सोडल्यावर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणरायासमोर उभे राहून बोलण्याची ही माझी पहिली वेळ नाही. कार्यवाह म्हणून चौदा वर्षे मी याच जागी उभा राहत आलो. पण तेव्हा माझी वाक्ये ठरलेली असत. चपला रांगेत ठेवा, प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि वर्गणी राहिली असल्यास खिडकीपाशी भेटा. व्याख्यान द्यायला मात्र आज प्रथमच उभा आहे. विषय मीच निवडला. सत्तेवरून उतरलेल्या नेत्याने आपल्यामागून आलेल्यांवर जाहीर टीका करावी की नाही? विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत काही जण हसले. ते का हसले हे मला चांगले ठाऊक आहे. त्याकडे शेवटी येतो.

हा विषय काशीत बोलायला सोयीचा आहे. आपले गाव हे 'माजी' माणसांचे गाव. संसार उरकला की माणूस काशीवासाला येई, राज्य गेले तरी इकडेच येई. पेशवाई बुडाल्यावर दुसरा बाजीराव बिठूरला गेला आणि त्याचे बंधू चिमाजीअप्पा इथे येऊन राहिले. हे चिमाजीअप्पा १७९६ साली काही महिने स्वतः पेशवेपदावर होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसेल. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी याच शहरात झाशीच्या राणीचा जन्म झाला. सांगायचे एवढेच की, पद गेल्यानंतरचा काळ कसा काढायचा हा प्रश्न आपल्या घाटांनी फार पाहिला आहे.

यावर जुने उत्तर वानप्रस्थाचे. किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या की सासूने डब्यांची झाकणे उघडून पाहू नयेत. या म्हणण्यात तथ्य आहे. नवा माणूस उभा राहतो न राहतो तोच जुना माणूस बोलू लागला, तर खालची माणसे गोंधळतात. ऐकायचे कोणाचे? शिवाय माजी माणसाच्या बोलण्याला जबाबदारीचे वजन नसते. सल्ला तो देतो, निस्तरावे दुसऱ्याला लागते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. सासूने झाकण उघडू नये हे ठीक, पण डब्यात आळ्या झाल्याचा वास आला तर? राज्यकारभार हे कोणाचे घर नव्हे. तिथला अनुभव लोकांच्या पैशाने मिळालेला असतो, म्हणून तो लोकांचा असतो. कोणते दार नीट लागत नाही हे त्या घरात राहून गेलेल्यालाच माहीत असते. त्याने तोंड मिटून घेतले तर नुकसान तुमचे-आमचे होते.

तेव्हा नुसते 'बोलावे' किंवा 'बोलू नये' म्हणून भागत नाही. आपल्याच शहराची दोन उदाहरणे सांगतो. दोघेही काशीचे खासदार, पक्ष वेगवेगळे. त्यामुळे माझ्यावर कोणा एकाची बाजू घेतल्याचा आरोप येणार नाही, आलाच तर दोन्हीकडून येईल.

पहिले पंडित कमलापती त्रिपाठी. जन्म इथला. ज्या 'आज' दैनिकाला आपल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी नाव मिळवून दिले, त्या 'आज'मध्ये त्यांनी पत्रकारिता केली. १९७१ ते १९७३ उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री, पुढे केंद्रात मंत्री, १९८० साली वाराणसीचे खासदार. राजीव गांधी पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष झाले तेव्हा पंडितजी पक्षाचे कार्याध्यक्ष होते. ते राजीवजींच्या आधी त्याच खुर्चीवर होते असे नाही, पण आधीच्या पिढीचे सर्वांत ज्येष्ठ होते. १९८६ साली त्यांनी राजीवजींना एक लांबलचक पत्र लिहिले. पक्षाची घडी विस्कटली आहे, सदस्यनोंदणी खोटी होते आहे, जुन्या माणसांना कोणी विचारत नाही, असा त्याचा रोख होता. पत्र खासगी होते, पण ते वर्तमानपत्रांपर्यंत पोचले आणि गदारोळ झाला. पंडितजींना नेतृत्वावरची आपली निष्ठा बोलून दाखवावी लागली, आणि त्याच वर्षी ते कार्याध्यक्षपदावरून दूर झाले.

यात मला टोचते ते असे. पत्र फुटल्यावर सगळी चर्चा 'पंडितजी निष्ठावान आहेत की नाहीत' यावर झाली. सदस्यनोंदणी खरी की खोटी, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. नोंदणीच्या वह्या तपासून झाल्या असत्या तर पंडितजींच्या निष्ठेचा प्रश्न आपोआप सुटला असता.

दुसरे डॉ. मुरली मनोहर जोशी. १९९१ ते १९९३ भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष, २००९ साली वाराणसीचे खासदार. २०१४ साली त्यांनी ही जागा नरेंद्र मोदींसाठी सोडली आणि स्वतः कानपूरहून लढले. त्याच वर्षी पक्षाने ज्येष्ठांचे मार्गदर्शक मंडळ नेमले, त्यात तेही होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये बिहारच्या निवडणुकीत पक्ष हरला. तेव्हा लालकृष्ण अडवाणी, जोशी, शांताकुमार आणि यशवंत सिन्हा या चौघांनी मिळून निवेदन काढले. पराभवाला सगळेच जबाबदार म्हणणे म्हणजे कोणीच जबाबदार नाही असे म्हणणे, आणि पक्ष मूठभरांच्या हाती गेला आहे, असा त्याचा आशय होता. निवेदन उघड होते, खाली सह्या होत्या. पत्र फुटण्याचा प्रश्नच नव्हता.

उत्तर आले तेही तीन माजी अध्यक्षांकडून. राजनाथ सिंह, व्यंकय्या नायडू आणि आपले नितीन गडकरी. त्यांनी म्हटले की विजय-पराजयाची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यायची ही परंपरा तर अटलजी आणि अडवाणीजींनीच घालून दिली आहे. म्हणजे ज्येष्ठांना ज्येष्ठांचाच दाखला! हे उत्तर कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण माजी माणसाने बोलायच्या आधी काय तपासावे हे त्यातून कळते. आपण ज्याला दोष देतो आहोत, ती रीत आपल्याच काळात तर सुरू झाली नाही ना? झाली असेल तर तेवढे आधी कबूल करून मग बोलावे. नाहीतर समोरचा आपलीच जुनी वही काढून दाखवतो.

आता महाराष्ट्राकडे वळतो. चिंतामणराव देशमुखांचे नाव इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री, निवडून आलेले कुलाब्यातून. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभे राहून त्यांनी कारणे सांगितली. पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाला न विचारता हा निर्णय जाहीर केला, आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांनी नेहरूंच्या समोर सांगितले. आधी खुर्ची सोडली, मग बोलले, आणि जिथे उत्तर देता येते त्या सभागृहात बोलले.

त्यांची पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मंत्रिपद सोडून तीन वर्षे झाल्यावर, १९५९ साली, त्यांनी जाहीरपणे एक सूचना केली. मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला एक निःपक्षपाती, कायमचे न्यायाधिकरण असावे. नेहरूंना ती मान्य झाली नाही. पण १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला, आणि लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. हे सारे एका देशमुखांमुळे घडले असे मी म्हणत नाही. माजी मंत्र्याने 'अमका वाईट आहे' न म्हणता 'अमुक व्यवस्था हवी' असे म्हटले, म्हणून त्याचे म्हणणे त्याच्यामागेही टिकले, एवढेच मला दाखवायचे आहे.

याच्या अगदी उलटे उदाहरण अमेरिकेतले. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली अध्यक्षपद सोडले, ते आपणच पुढे आणलेल्या टाफ्ट यांच्या हाती. मग टाफ्ट यांचा कारभार पसंत पडेना. टीका वाढत गेली आणि १९१२ साली रूझवेल्ट स्वतःच त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. पक्षाची मते दुभंगली, दोघेही पडले आणि तिसरेच, वुड्रो विल्सन, निवडून आले. टीका खरी असेलही. पण टीकाकाराला तीच खुर्ची परत हवी आहे असे दिसले की लोक टीका ऐकत नाहीत, खुर्चीकडे बघतात.

तर माझे मत असे. माजी नेत्याला बोलण्याचा अधिकार आहे, आणि कधीकधी ते त्याचे कर्तव्यही आहे. पण आधी जिथे बोलायला हवे तिथे, घरात, बोलून पाहावे. तिथले दार बंद असेल तर उघड आणि स्वतःच्या नावाने बोलावे. आपल्या काळातला दोष आधी सांगावा. माणसावर न बोलता कामावर बोलावे. ती खुर्ची आपल्याला परत नको, हे लोकांना दिसू द्यावे. आणि एकदा खरे बोलल्यावर, बोलण्याची रीत चुकली असेल तर रीतीची माफी मागावी, मूळ मुद्दा मात्र सोडू नये.

आता मागच्या रांगेच्या हसण्याकडे येतो.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या आदल्या रात्री, प्रसादाची पंगत बसली असताना, मी उभा राहून आपल्या नव्या कार्यवाहांना चार शब्द सुनावले. चार नव्हे, चाळीस असतील. पाहुणे होते, वर्गणीदार होते, त्यांच्या घरची मंडळी वाढत होती. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य मी किती वेळा म्हटले ते माझ्या मुलीने मोजले, सात वेळा. गाण्याची बैठक एक रात्र कमी केली यावर बोललो, पावत्या मोबाईलवर का देता यावर बोललो, मांडवाच्या रंगावरसुद्धा बोललो. आणि या सगळ्यात माझा एकच मुद्दा कामाचा होता. दोन वर्षे जमाखर्च सभेत वाचलेला नाही. तो कोणालाही ऐकू गेला नाही. दोन तरुण कार्यकर्ते पान अर्धे टाकून उठून गेले, ते यंदा मांडवाला आलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्यवाहांच्या आई घाटावर भेटल्या. त्यांना मी वहिनी म्हणतो, चाळीस वर्षांचा घरोबा आहे. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, हिशेबाचं म्हणालात ते बरोबरच होतं. पण ते हिशेबासाठी म्हणालात, का खुर्ची गेली म्हणून?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन जुनी दप्तरे काढली. माझ्या शेवटच्या तीन वर्षांत जमाखर्च एकदाच वाचला गेला होता. 'पुढच्या सभेत वाचू' म्हणण्याची रीत मीच पाडली होती. पोराने माझ्याकडून घेतली ती तीच. आणि पंगतीत बोलण्याआधी मी त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या फक्त.

म्हणून आज, जे चारचौघांत बोललो त्याची माफी चारचौघांतच मागतो. कार्यवाह, तुम्ही इथे बसला आहात. पंगतीत तुमचा अपमान केला ते चुकले. बैठक किती रात्रींची करायची आणि मांडव कोणत्या रंगाचा, हे तुमचे तुम्ही ठरवा. जे दोन कार्यकर्ते आले नाहीत त्यांच्या घरी उद्या सकाळी मी स्वतः जाणार आहे.

पण हिशेबाचे म्हणणे मी मागे घेत नाही. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जावा. सुरुवात माझ्या त्या तीन वर्षांपासून करा. वह्या मी आणून दिल्या आहेत, त्यात ज्या पावत्या सापडत नाहीत त्यांची यादीही जोडली आहे. त्याबद्दल मला उभे करून विचारा, मी उत्तर देईन. त्यानंतर तुमच्या दोन वर्षांचे मी विचारीन, एक साधा सभासद म्हणून, मागच्या रांगेतून. तिथे आज जे हसले त्यांनी माझ्यासाठी थोडी जागा ठेवावी.

एवढे बोलून आपली रजा घेतो. चपला रांगेत ठेवा, प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!