मटियाबुर्जचा काठ : नवाबाची आठवण, मजुरांची जात



कोलकात्यात मराठीतून बोलताना आधी एक ऋण मान्य केले पाहिजे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून संविधान सभेचा रस्ता बंद झाला, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून पाठवले. आज मी या शहराच्या एका काठाबद्दल बोलणार आहे : गार्डन रीच आणि मटियाबुर्ज. समुद्र इथून शंभर किलोमीटरहून लांब आहे. पण त्याची भरती हुगळीतून इथवर चढते, आणि बंदराची वस्ती म्हणूनच हे उपनगर घडले.

त्याचा रूढ इतिहास वरच्यांचा आहे. अठराव्या शतकात कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी इथे बागबंगले बांधले. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह इथे आला. त्याने छोटे लखनौच वसवले : इमामवाडे, प्राणिसंग्रहालय, ठुमरी, कथक, पतंग. १८८७ मध्ये तो वारला आणि बहुतेक वास्तू पाडल्या किंवा विकल्या गेल्या. कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटाही लोक त्याच्याच नावावर जमा करतात.

याच काठावर गिरमिटिया मजुरांचे डेपो होते. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. १८३४ मध्ये 'अ‍ॅटलास' जहाजाने कोलकात्याहून ३६ मजूर मॉरिशसला नेले. पुढे गयाना, त्रिनिदाद, फिजी. २६ फेब्रुवारी १८७३ ला 'लल्ला रूख' इथून निघाले आणि ५ जूनला सुरिनामला पोचले. इथल्या एका घाटाला आजही सुरिनाम घाट म्हणतात.

जहाजावर चढण्याआधी प्रत्येकाच्या नावाने एक पास तयार होई. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि जात. चामार, दुसाध, कुर्मी, अहीर, मुसलमान. ब्राह्मण आणि ठाकूरही. ऊस तोडायला जात कशाला लागते? सरकारसाठी ती मजुराची प्रतवारी होती. मळेवाल्यांना ब्राह्मण नको असत, म्हणून काही ब्राह्मणांनी दुसरी जात सांगितल्याचेही अभ्यासक नोंदवतात.

जहाजावर पंगत वेगळी ठेवणे अवघड होते. तिथून 'जहाजी भाई' हे नाते जन्मले. मात्र याला मुक्तीचा प्रवास म्हणू नये. पाच वर्षांचा करार, आणि कामावर गेला नाही तर तुरुंग. तिकडेही पंडित आणि पोथ्या पोचल्याच. पण गावचा जमीनदार आणि जातीने ठरलेले काम यांची पकड सैल झाली, हे आपण नीट अभ्यासले पाहिजे. जात टिकते ती केवळ मनात नाही. जमीन, काम आणि वस्ती तिला टिकवतात.

आजचा मटियाबुर्ज पाहा. १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी सुरू झाली. बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय गार्डन रीचला होते. दीक्षाभूमीचे नागपूर या काठाशी असे रुळांनी जोडलेले आहे. नवाबाच्या आश्रयाला आलेल्या शिंप्यांचा वारसा सांगणारा तयार कपड्यांचा धंदा इथे पसरला आहे. वर ओस्तागर, खाली नगावर मजुरी घेणारे कारागीर. घराच्या एकाच खोलीत शिलाई आणि झोप. आठवड्याच्या हाटातून हा माल देशभर जातो. शिंपी, कसाई, विणकर या मुसलमान जातींचा प्रश्न 'सगळे मुसलमान सारखेच' म्हणून झाकला जातो.

१७ मार्च २०२४ च्या रात्री गार्डन रीचमध्ये एक बेकायदा, अर्धवट बांधलेली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून अधिक माणसे मेली. चर्चा अनधिकृत बांधकामाची झाली. पण या लोकांना राहायला अधिकृत जागा किती ठेवली होती, हे फार कुणी विचारले नाही.

उपनगराचा स्वभाव म्हटले की नवाबाची नजाकत आठवते. माझे म्हणणे इतकेच की मटियाबुर्जचा इतिहास त्या पासांपासून लिहायला घ्यावा. आज सुरिनाम आणि फिजीतली मुले त्यांत आपला गाव शोधतात. आपण त्यांत जातीचा रकाना वाचू, आणि आज तो रकाना कुठल्या नावाने भरला जातो हे विचारू.

जय भीम.