गच्चीची ऊब
(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध आटतंय तोवर दहा मिनिटं बोला, असा मला हुकूम आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे कठीणच. पण दुधाकडे बघून थांबेन.

आधी सतरंजी जरा सरकवा आणि गच्चीला तळहात लावा. कोमट लागली ना? रात्रीचे नऊ वाजलेत. सूर्य मावळूनही अडीच-तीन तास झाले. मग ही ऊब कुठली? दुपारची. काँक्रीट ऊन पितं आणि सावकाश सोडतं. वर पडलेल्या उन्हाची उष्णता पाच इंच खाली, म्हणजे चौथ्या मजल्याच्या छताला पोचायला काही तास लागतात. म्हणून वरच्यांची खरी तगमग दुपारी नाही, रात्री होते. आणि पंखा हवा गार करत नाही बरं का, नुसती हलवतो. घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं.

आता पातेल्याकडे बघा. तळाचं दूध तापून हलकं होतं, वर येतं, वरचं खाली जातं. हे अभिसरण. काँक्रीटला अशी ये-जा जमत नाही. तिथे कण जागच्या जागी थरथरतात आणि शेजाऱ्याला उष्णता देतात. हे वहन. (सोसायटीतल्या बातम्या अशाच पसरतात, जागा न सोडता!) पातेल्यापेक्षा पेल्यातलं दूध लवकर निवतं, बशीतलं त्याहून लवकर, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. आणि न्यूटनने १७०१ मध्ये मांडलं तसं, भोवतालच्या हवेशी फरक जितका मोठा तितकं निवणं वेगात. म्हणून पहिला चटका लवकर जातो, शेवटचं कोमटपण रेंगाळतं. या स्लॅबचंही तेच.

काहीजण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. शास्त्र बरोबर आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते. तेच पाणी वाफ होऊन उडताना साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे पातळ शिंपडलेलं पुरे, तळं नको. पण उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यायचं आणि गच्चीवर ओतायचं? शिवाय गळतीचा मागचा अनुभव आहेच.

गेल्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजींना रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं. मी तळमजल्यावर शांत झोपलो होतो. त्याच्या आदल्या सर्वसाधारण सभेत गच्ची पांढरी करायचा ठराव आला, तेव्हा ‘खालच्यांनी वर्गणी का द्यायची’ म्हणून विरोधात हात वर करणाऱ्यांत मीही होतो. हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

पांढरा रंग ऊन परतवतो, आत शिरूच देत नाही. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला. पुढे त्यात घरांची छपरं पांढरी करायचं काम आलं. आपला हा चंद्र इतका पांढरा दिसतो, पण उन्हाचा जेमतेम आठवा भाग परतवतो. ताजा चुना कितीतरी जास्त. अर्थात धूळ बसली की गुण कमी होतो, आणि पावसात चुना धुपतो. दरवर्षी हात मारावा लागेल, हे आधीच सांगतो.

परवा मी पाण्याच्या टाकीपलीकडे सहा फुटांचा चौकोन चुन्याने रंगवलाय. परवानगी घेतली नाही, सेक्रेटरीसाहेबांनी माफ करावं. आता जाऊन एक हात तिथे ठेवा, एक बाहेर. ठराव डिसेंबरच्या सभेत पुन्हा येतोय, या वेळी मी मांडणार आहे.

दूध झालं वाटतं. साय मुलांना द्या.