कालव्याने घडविलेले अभियंते



कालवा खणावयाचा तर पैसा हवा, मजूर हवेत. परंतु त्याआधी जमिनीचा चढउतार अचूक मोजणारा माणूस हवा. मोजणीत थोडी जरी चूक झाली, तरी पाणी कोठे साचेल आणि कोठे आटेल याचा नेम नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत असा माणूस दुर्मिळ होता. म्हणूनच पेनसिल्व्हेनियातील कालव्यासाठी १७९३ साली विल्यम वेस्टन हे इंग्रज अभियंते पाचारण करण्यात आले. इतर कालव्यांचे चालकही त्यांच्याकडेच धाव घेत. पुढे वेस्टन मायदेशी परतले.

हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत ३६३ मैलांचा कालवा काढण्याचे न्यूयॉर्क राज्याने ठरविले, तेव्हा पुन्हा वेस्टन यांनाच विचारणा झाली. त्यांनी नकार दिला. मग चालकांनी धाडसी निर्णय घेतला: काम स्थानिक माणसांवरच सोपवावयाचे. बेंजामिन राइट व जेम्स गेडिस हे दोघे व्यवसायाने भूमापक; न्यायाधीशपदही त्यांनी सांभाळलेले. राइट यांनी पूर्वी वेस्टन यांच्या हाताखाली मोजणी केली होती, एवढीच काय ती शिदोरी. असा कालवा बांधण्याचा अनुभव दोघांपैकी एकालाही नव्हता.

४ जुलै १८१७ रोजी रोम या गावी काम सुरू झाले. त्याच वर्षी कॅनव्हास व्हाइट हा तरुण साहाय्यक ब्रिटनला गेला. तेथील कालव्यांच्या काठाने सुमारे दोन हजार मैल पायी हिंडून त्याने टिपणे व आराखडे जमविले. बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद बांधावयाचे, तर पाण्याखाली घट्ट होणारा चुना आवश्यक. तो परदेशातून आणणे महागडे होते. परतल्यावर शिटनँगो गावाजवळच्या दगडापासून तसा चुना बनविण्याची रीत व्हाइटने सिद्ध केली. १८२० साली तिचे एकस्वही त्यास मिळाले.

जॉन जर्व्हिस हा युवक १८१७ मध्ये मोजणीच्या वाटेवरील झाडे तोडण्यासाठी कुऱ्हाड घेऊन आला. १८४२ साली न्यूयॉर्क शहरास पाणी पुरविणारा क्रोटन जलमार्ग सुरू झाला, तेव्हा त्याचे मुख्य अभियंते हेच जर्व्हिस होते.

१८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला. मालाची वाहतूक स्वस्त झाली, हा लाभ सर्वांना दिसला. परंतु त्या आठ वर्षांच्या चिखलात अभियंत्यांची एक पिढी तयार झाली, हा लाभही लहान नव्हता. उसने कौशल्य पाहुण्यासारखे येते आणि निघून जाते; चुका करीत, पडताळून पाहत मिळविलेले कौशल्य मात्र देशातच नांदते.