काचेची बाग

वादळवारा झाला की रावेर-यावलच्या केळीच्या पानांच्या चिंध्या होतात. तिथं कुणी काच मांडू म्हटलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. अमेरिकेच्या डेल चिहुलींनी मात्र हेच केलं. २००१ साली शिकागोच्या गारफिल्ड पार्कमधल्या काचगृहात, मग २००५ आणि २०१९ साली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात त्यांची काचशिल्पं झाडांमध्ये उभी राहिली. क्यूच्या तळ्यात २००५ साली तरंगणाऱ्या त्यांच्या गोळ्यांना तर एका कांद्याचंच नाव आहे, वल्ला वल्ला! धुळ्याच्या कांदा पिकवणाऱ्यांना मौज वाटेल.

गरम कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आपण पाहिलेलं आहे. बाहेरची काच आकसते, आतली नाही. त्या ओढाताणीत ती फुटते. म्हणून फुंकून घडवलेली वस्तू वेगळ्या भट्टीत, तासन्‌तास, हळूहळू निववावी लागते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काच कारखाना निघाला, तिथल्या प्रभाकर कंदिलाच्या काचेलाही हे चुकलं नव्हतं.

चिहुलींची डाव्या डोळ्याची दृष्टी १९७६ साली इंग्लंडमधल्या मोटार अपघातात गेली. १९७९ साली खांदा दुखावला आणि फुंकनळी सुटली. तेव्हापासून ते चित्रं काढून सांगतात, भट्टीपुढे घाम गाळतात ते सहकारी. मग शिल्प कुणाचं? कल्पना त्यांची, हे मान्य. पण माझ्या मते पाटीवर फुंकणाऱ्यांचीही नावं हवीत, मग पाटी थोडी मोठी करावी लागली तरी चालेल.